ऑल्ट होल्ड उंची धरतो, वेग कोण धरणार?

आकाशकंदील

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. नोकरी संगणकाची, आणि गेली सहा वर्षं इथल्या एका फ्लाइंग क्लबची सेस्ना १७२एस (एका इंजिनाचं चार आसनी छोटं विमान) भाड्याने घेऊन उडवतो. गेल्या महिन्यात लेक टाहोहून परत येताना जे झालं ते सविस्तर लिहितोय. इथे बरेच जण नव्याने शिकताहेत, त्यांनी हे वाचावं असं फार वाटतं.

साऊथ लेक टाहोची धावपट्टीच समुद्रसपाटीपासून ६,२०० फुटांहून उंच आहे. पश्चिमेला घरी यायचं म्हणजे सिएरा नेवाडाची रांग ओलांडायची. इको समिटची खिंड साधारण ७,४०० फुटांवर, आजूबाजूची शिखरं नऊ-दहा हजारांची. मी तलावावरच गोल फिरत १०,५०० फूट गाठले. पश्चिमेला जाताना सम हजार अधिक पाचशे, या नियमाने. विमान सपाट केलं, ट्रिम लावला (म्हणजे योकवर, विमानाच्या हँडलवर, जोर न लावता नाक तसंच राहील अशी जुळवणी केली), ऑटोपायलट सुरू केला, ऑल्टचं बटण दाबलं. यालाच ऑल्ट होल्ड म्हणतात, ऑटोपायलट आहे ती उंची धरून ठेवतो. वेग ९८ नॉट. शेजारी बायको, मागे मुलगी. समोरून वारा होता, पण हवा अगदी गुळगुळीत होती. एकही धक्का नाही.

मी मुलीला खाली एमराल्ड बे दाखवत होतो. तेवढ्यात बायको म्हणाली, "अरे, आवाज का कमी झाला?"

तिला जाणवलं ते खरं होतं. काचेवरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज उतरला होता आणि इंजिनाचा सूरही थोडा खाली आला होता. मी पॅनलकडे पाहिलं. उंची १०,४८०, म्हणजे जवळजवळ तिथेच. वेग ७४.

डोंगराच्या आडोशाला हवा खाली कोसळत होती आणि आम्ही त्या हवेत होतो. विमान खाली जाऊ लागलं की ऑटोपायलट नाक वर करायचा, उंची परत मिळवायचा, आणि तेवढा वेग खर्च व्हायचा. त्याला उंची राखायला सांगितली होती, ती तो राखत होता. त्या बटणाला वेगाचं काहीच कळत नाही.

लाल बटण दाबून ऑटोपायलट सोडवला. तोवर त्याने ट्रिम इतका वर नेला होता की नाक खाली आणायला दोन्ही हातांनी ढकलावं लागलं. उजवीकडे वळून तलावावर परत आलो. तोपर्यंत ९०० फूट गेले होते. तलावावर पुन्हा चक्कर मारली, मग उत्तरेकडून, जास्त उंचीवरून रांग ओलांडली.

स्टॉलचा (वेग फार पडून पंखांची उचल संपण्याचा) भोंगा वाजला नव्हता. कुणी ओरडलं नाही, मुलीला तर काही कळलंही नाही. तरी मला राहून राहून एकच वाटतं. ऑटोपायलट नसता, तर उंची घसरताना मला पहिल्या शंभर फुटांतच कळलं असतं. विमान मला सांगत होतं, आणि ते सांगणं मधल्या मध्ये कुणीतरी पुसून टाकत होतं.

तुम्ही ऑल्ट होल्ड कधी लावता, कधी काढता? जाणकारांनी लिहावं.

---

दख्खनवारा

तिघेही सुखरूप घरी पोचलात, हे वाचून आधी जिवात जीव आला.

मी बारामतीच्या बाजूला शिकवतो. तुमच्याकडची ती पर्वतरांग आमच्याकडे नाही. सह्याद्री त्यामानाने बुटका. पण वाऱ्याच्या आडोशाची बाजू कुठल्याही डोंगराला असतेच, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या भोवऱ्यांत ऑल्ट होल्ड अगदी असाच वागतो. वर जाणाऱ्या हवेत नाक खाली दाबतो, वेग वाढतो. खाली येणाऱ्या हवेत नाक उचलतो, वेग पडतो. दुपारभर ही उठाबशी चालते आणि वेगाचा काटा त्याच्या सुरक्षित हिरव्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांकडे धावतो. खरी खळबळ असेल तर मी ऑल्ट काढतो. पंख सपाट ठेवायचे, नाकाची ठेवण आणि पॉवर ठरवायची, आणि उंचीला शे-दोनशे फूट वरखाली होऊ द्यायचं. नियंत्रकाला सांगितलं की तोही समजून घेतो.

तुमच्या आकड्यांकडे मात्र नीट पाहा, कारण त्यांत एक गोष्ट दडली आहे. १७२एस मध्ये सर्वांत जास्त चढ मिळण्याचा वेग समुद्रसपाटीला ७४ नॉट असतो, दहा हजारांवर ७२ च्या आसपास. म्हणजे तुम्ही पाहिलंत तेव्हा विमान आपल्या सर्वोत्तम चढाईच्या वेगाला येऊन पोचलं होतं आणि तरीही कसंबसं सपाट राहत होतं. भरलेल्या विमानाला त्या उंचीवर पूर्ण थ्रॉटल देऊनही मिनिटाला तीनेकशे फुटांचाच चढ मिळतो. डोंगरामागची हवा मिनिटाला हजार फुटांनी सहज खाली जाते. ही वजाबाकी कुठलाही ऑटोपायलट बदलू शकत नाही. ७२ च्या खाली गेलात की नाक जितकं वर, तितका चढ आणखी कमी. तिथून पुढे तो बिचारा नाक उचलतच राहतो आणि शेवट स्टॉलमध्ये होतो. तुमच्या पत्नीने अगदी वेळेवर सांगितलं.

दुसरं, रांगेला सरळ काटकोनात भिडू नका. ४५ अंशांनी तिरके जा, म्हणजे परत फिरायला कमी वळावं लागतं. शिखरांच्या उंचीवर वारा २५ नॉटच्या वर असेल तर छोट्या विमानाने त्या दिवशी जमिनीवरच थांबावं.

आणि गुळगुळीत हवेने फसू नका. पर्वतलहरीतली, म्हणजे डोंगर ओलांडून लाटेसारखी वरखाली जाणारी, हवा रेशमासारखी असते. धक्के बसत नाहीत म्हणून कुणी सावध होत नाही.

---

आकाशकंदील

दादा, ७२ चा मुद्दा वाचून पोटात गोळाच आला. मी आजवर ७४ म्हणजे "स्टॉलपासून अजून लांब" एवढंच धरून चाललो होतो. खूप आभार.

---

तारांचा_माणूस

मी विमानांची इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करतो, उडवत नाही. पण या पेटीच्या आत काय आहे ते सांगू शकतो. बऱ्याच १७२एस मध्ये केएपी १४० नावाचा ऑटोपायलट असतो, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो.

ऑल्ट दाबलात की पेटी त्या क्षणीचा बाहेरच्या हवेचा दाब लक्षात ठेवते. तुमच्या उंचीमापकाला जी स्टॅटिकची (बाहेरच्या हवेचा दाब आणणारी) नळी जाते, त्याच नळीवर हिचा दाबमापक बसलेला असतो. दाब वाढला म्हणजे खाली आलो, कमी झाला म्हणजे वर गेलो, एवढंच तिला कळतं. मग पिच सर्व्हो, म्हणजे नाक वरखाली करणारी मोटर, शेपटीवरच्या एलिव्हेटरची केबल ओढतो. सर्व्होला फार वेळ जोर लावावा लागला तर ट्रिमची मोटर फिरते आणि तो भार काढून घेते. पिटोची नळी, म्हणजे वेगाची नळी, या पेटीकडे जातच नाही. आकाशकंदील, तुम्ही "वेगाचं काहीच कळत नाही" लिहिलंत ते तारांच्या नकाशातही तसंच आहे.

यातून तीन गोष्टी निघतात, त्या शिकणाऱ्यांनी लक्षात ठेवाव्यात.

ऑटोपायलट चालू असताना योक हाताने ढकलू किंवा ओढू नका. तुम्ही पुढे ढकललंत की पेटीला वाटतं विमान नाकजड झालंय. ती ट्रिम वर फिरवत राहते. तुम्ही आणखी ढकलता, ती आणखी फिरवते. सोडवलात की सगळा साठलेला ट्रिम एकदम अंगावर येतो. म्हणून पुस्तिकेत स्पष्ट मनाई आहे. आधी सोडवा, मग उडवा.

स्टॅटिकचं छिद्र पाण्याने किंवा बर्फाने बंद झालं तर पेटीला दाब बदललेलाच दिसत नाही. विमान खरोखर खाली जात असेल आणि उंचीमापक व पेटी दोघं मिळून "सगळं ठीक" म्हणत असतील. अशा वेळी पर्यायी स्टॅटिक (केबिनमधून दाब घेणारी वाट) उघडण्याआधी ऑटोपायलट सोडवा. केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी असतो, त्यामुळे पेटीला आपण अचानक वर गेलो असं वाटेल आणि ती नाक खाली दाबेल.

तिसरं, ट्रिम आपोआप पळू लागला तर योक घट्ट धरा, लाल बटण दाबून धरा, आणि ऑटोपायलटचा सर्किट ब्रेकर ओढा. तो ब्रेकर पॅनलवर कुठे आहे ते डोळे मिटून बोट ठेवता आलं पाहिजे. उड्डाणाआधीची चाचणी टाळणारे लोक मी पाहिलेत. पुस्तिकेप्रमाणे ती पूर्ण झाल्याशिवाय ऑटोपायलट वापरायलाच मनाई आहे.

---

पहिलं_एकल

मी गोंदियाला शिकतेय, ६० तास झालेत. सर, एक प्रश्न. आमच्या सीनियरने सांगितलं की ऑल्ट होल्ड लावलेला असताना नवा क्यूएनएच (उंचीमापकात भरायचा त्या जागेचा समुद्रसपाटीचा दाब) लावला तर विमान वरखाली होत नाही, फक्त काटा हलतो. हे कसं? मग आपण चुकीच्या उंचीवर राहणार ना?

---

तारांचा_माणूस

अगदी बरोबर शंका आहे, ताई. आगाऊ उंची निवडण्याची सोय नसलेला साधा प्रकार घ्या. तिथे पेटीने दाब धरलेला आहे, तुमच्या उंचीमापकावरचा आकडा धरलेला नाही. तुम्ही १००८ वरून १००५ लावलंत. तीन हेक्टोपास्कल, म्हणजे जमिनीजवळच्या हवेत साधारण ८० ते ९० फूट. काटा तेवढा खाली येईल. विमान होतं तिथेच आहे, पण आता तुम्हाला कळलं की आपण हव्या त्या उंचीपेक्षा खाली आहोत. अप बटण चार वेळा दाबा. प्रत्येक दाबण्याला २० फूट, म्हणजे ८० फूट वर. अमेरिकेत पाऱ्याचे इंच वापरतात, तिथे इंचाचा शंभरावा भाग म्हणजे १० फूट.

आगाऊ उंची निवडता येणाऱ्या प्रकारात पेटीलाही वेगळा दाब भरावा लागतो. उंचीमापकात लावला म्हणून पेटीत आपोआप जात नाही. दोन्हीकडे लावायचा, आणि दोन्हीकडे लावला हे तोंडाने म्हणायचं.

---

पहिलं_एकल

समजलं. वहीत आकृती काढून ठेवली. धन्यवाद सर!

---

ढगातला_सोबती

मला थोडं वेगळं मत मांडायचंय. हा धागा वाचून नवीन मुलं ऑटोपायलटला घाबरतील. एकट्याने ढगांत उडताना नकाशा, रेडिओ, उतरण्याची तयारी हे सगळं एका माणसाला करायचं असतं. त्या वेळी ऑल्ट होल्ड हा दुसरा वैमानिकच असतो. इन्स्ट्रुमेंट (बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडवण्याच्या) परीक्षेत उंची शंभर फुटांच्या आत ठेवावी लागते. थकलेल्या हाताने ते तासभर करून बघा. शिवाय नवीन जीएफसी ५०० सारख्या पेट्यांना वेग कळतो. वेग फार पडला की ती स्वतःच नाक खाली करते. विमान सपाट करणारं निळं लेव्हलचं बटण आहे. हा प्रश्न आता जुन्या पेट्यांपुरताच उरलाय.

---

दख्खनवारा

पहिल्या भागाशी पूर्ण सहमत. ढगांत ऑटोपायलट जीव वाचवतो, आणि चुकून ढगात शिरलेल्या नवशिक्याला तर मी सांगतो, बाबा, आधी तो लाव आणि मग मागे वळायचा विचार कर.

दुसऱ्या भागाशी नाही. नवी पेटी वेग पडल्यावर नाक खाली करते म्हणजे काय करते? उंची सोडते. आकाशकंदील यांच्या बाबतीत तिने योग्य वेळी उंची सोडली असती, आणि समोर डोंगर तसाच राहिला असता. खाली येणाऱ्या हवेतून बाहेर कसं पडायचं, कुठल्या बाजूला वळायचं, हे वैमानिकालाच ठरवावं लागतं. पेटी फार तर ते ठरवायला थोडे सेकंद मिळवून देते. ते सेकंद मौल्यवान आहेत, हे मान्य.

आणि भारतात शिकणारी निम्मी मुलं उद्या कुठल्या वयाच्या विमानात बसतील ते त्यांच्या हातात नसतं. कमीत कमी कळणाऱ्या पेटीसाठीच शिकवायला हवं.

---

मावळतीचा_वैमानिक

मी आता निवृत्त आहे. छोट्यांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्या विमानांवर काम केलं. दोन जुन्या घटना सांगतो. विमानं मोठी आहेत, पण बटण तेच.

२९ डिसेंबर १९७२. ईस्टर्नचं ४०१ क्रमांकाचं उड्डाण, न्यूयॉर्कहून मायामीला. लॉकहीड ट्रायस्टार, त्या काळचं सर्वांत नवं विमान. पुढच्या चाकाचा दिवा लागेना. त्यांनी २,००० फुटांवर जाऊन ऑटोपायलटला उंची धरायला सांगितली आणि सगळे त्या दिव्याच्या मागे लागले. कुणाचा तरी धक्का योकला लागला आणि उंची धरणं सुटलं. ऑटोपायलट चालू होता, फक्त उंचीचं काम त्याने सोडलं होतं. विमान इतकं हळू उतरत गेलं की कुणाला जाणवलं नाही. उंचीची सूचना देणारा सूर फ्लाइट इंजिनिअरच्या जागेवर वाजला, आणि इंजिनिअर तेव्हा चाक बघायला खाली उतरला होता. बाहेर एव्हरग्लेड्सची दलदल, रात्र, एक दिवा नाही. १७६ पैकी १०१ माणसं गेली.

दुसरी ९ जानेवारी १९९७ ची. कोमएअरचं ३२७२, ब्राझिलिया जातीचं टर्बोप्रॉप, डेट्रॉइटकडे उतरत होतं. पंखांवर पातळ बर्फ साचत होता. ४,००० फुटांवर ऑटोपायलट विमान सपाट करत होता, वेग पडत होता, आणि विमान हाताला जे सांगत होतं ते हातापर्यंत पोचलंच नाही. ऑटोपायलटने काम सोडलं तेव्हा सावरायला काही उरलं नव्हतं. सगळे २९ जण गेले.

एकीकडे ऑल्ट होल्ड सुटला आणि कळलं नाही. दुसरीकडे तो नेटाने धरून राहिला आणि काय बिघडतंय ते कळलं नाही. मी तरुण सहवैमानिकांना म्हणायचो, बटण दाबल्यावर दिवा कुठला लागला तो मोठ्याने वाचा. "ऑल्ट" असं अक्षरांत दिसलं तरच तो लागला. बोटाने दाबलं म्हणजे लागला असं नाही. आणि बर्फाची शंका आली की हात योकवर, ऑटोपायलट बंद, विमान हाताला कसं लागतंय ते बघा. हे मी शेवटच्या दिवसापर्यंत केलं.

एक आनंदाची आठवणही सांगतो. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ, सीन नदीवर, लॉरेन्स स्पेरी नावाच्या तरुणाने जायरोस्कोपवर चालणारा पहिला ऑटोपायलट लोकांना दाखवला. काठावरच्या गर्दीपुढे त्याने दोन्ही हात वर केले आणि त्याचा मेकॅनिक कॅशॅन चालत पंखावर गेला. विमान सरळ चालत राहिलं. मला ते चित्र फार आवडतं. त्या दिवशी त्याचे हात मोकळे होते, पण डोळे नक्कीच नव्हते.

---

टेम्सकाठची_डॉक्टर

काका, तुमचं "विमान हाताला काय सांगतं" हे वाक्य वाचून मला लिहावंसं वाटलं. मी लंडनच्या बाहेर चार जणांत मिळून घेतलेलं एक जुनं पायपर पीए-२८ उडवते. त्याला कार्ब्युरेटर आहे. इथली दमट हवा म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरायला अगदी पोषक, बाहेर १०-१२ अंश असतानासुद्धा.

ऑक्टोबरमध्ये ऑल्ट होल्ड लावून निवांत चालले होते. हाताने उडवत असते तर पॉवर कमी होताच उंची घसरली असती आणि मी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी खुंटी) ओढली असती. पण उंची हलली नाही. वेग १०५ वरून ९२ वर आला तेव्हा आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) बघितले, तर दीडशे कमी. हीट ओढली, इंजिन थोडं खोकलं, पाणी गेलं, सगळं पूर्ववत.

तेव्हापासून माझी सवय अशी. ऑल्ट लावला की लगेच वेग आणि आरपीएम हे दोन आकडे गुडघ्यावरच्या कागदावर लिहिते. पॉवरला हात लावलेला नसताना त्यांतला एक जरी बदलला, तर काहीतरी झालंय. आकडा डोक्यात ठेवला तर तो हळूहळू सरकतो, कागदावरचा सरकत नाही.

---

दख्खनवारा

ताई, हे उत्तम. मी उद्यापासून मुलांना हेच करायला लावणार.

लावण्याच्या क्रमाबद्दल राहिलं होतं. चढता चढता ऑल्ट दाबू नका. मिनिटाला सातशे फुटांनी चढत असताना दाबलात तर पेटी त्या क्षणीची उंची धरते, विमान वर निसटतं, मग ती नाक दाबून परत आणते, आणि मागे बसलेल्याच्या पोटात ढवळतं. आधी हाताने सपाट व्हा. चढाईची पॉवर तशीच ठेवून वेग येऊ द्या. मग पॉवर कमी करा, ट्रिम लावा, हात सोडून पाहा. विमान आपणहून सरळ चाललं की मग ऑटोपायलट. सोडवतानाही तसंच, योक हातात घ्या आणि मगच लाल बटण.

आणि ऑल्ट होल्डवर असताना थ्रॉटल मागे घेतलात, उतरायच्या आधी वेग कमी करायला म्हणून, तर एक हात थ्रॉटलवरून काढूच नका. आकाशकंदील यांना डोंगराने जे केलं तेच इथे आपण स्वतःच्या हाताने करतो. नियंत्रकाशी बोलण्यात अर्धं मिनिट गेलं की वेग सत्तरच्या खाली. केएपी १४० वापरण्याची किमान मर्यादाही १७२एस मध्ये ७० नॉटच आहे. जमिनीपासून ८०० फुटांच्या खाली, अप्रोच (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) सोडून, तो चालू ठेवायचा नाही.

---

ढगातला_सोबती

माझ्या आधीच्या प्रतिसादात मी प्रश्न जुन्या पेट्यांपुरता म्हटलं होतं. डॉक्टरताईंचा किस्सा वाचून ते मागे घेतो. नव्या पेटीतही तो बर्फ तसाच लपला असता, वेग अगदी तळाला जाईपर्यंत.

---

आकाशकंदील

सगळ्यांचे मनापासून आभार. काल इथल्या एका पर्वतीय उड्डाण शिकवणाऱ्या प्रशिक्षिकेबरोबर त्याच मार्गाने गेलो. वारा शिखरांवर १५ नॉट होता. तिने मला मुद्दाम ऑल्ट होल्ड लावून रांगेच्या आडोशाला न्यायला सांगितलं, तिरक्या वाटेने, तलाव हाताशी ठेवून. मी कागदावर लिहिलं, ९९ नॉट, २,५०० आरपीएम. वेग ९४ झाल्यावर मोठ्याने म्हणालो, ९० ला ऑटोपायलट सोडवला आणि वळलो. उंची गेली ती फक्त दीडशे फूट.

मग तिने तीच गोष्ट पूर्ण हाताने करायला लावली. या वेळी पहिल्या चाळीस फुटांतच योकमध्ये कळलं.

पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन जाईन तेव्हा मागच्या सीटवरच्या मुलीला एक काम देणार आहे. तिला आता आकडे वाचता येतात. वेगाचा काटा तिला तिथून दिसतो. नव्वदच्या खाली गेला की "बाबा" म्हणून हाक मारायची, एवढंच.

---

पहिलं_एकल

मी पण वहीत दोन रकाने आखलेत, वेग आणि आरपीएम. उद्या सकाळी सातला सॉर्टी (सरावाचं उड्डाण) आहे. झाल्यावर इथे लिहिते.